आज नाश्त्याला काय? : ॲपचा आराखडा आधी कागदावर

यादीतून एक नाश्ता निवडून देणारं ॲप करायचंय. कोड नंतर. आधी कागदावर तीन चौकोन काढा: पर्यायांची यादी, ‘ठरव’ बटण, उत्तर. लॉगिन, रंग, आवाज सध्या नकोतच.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत यादी म्हणजे लिस्ट. पोहे, उपमा, थालीपीठ, साबुदाणा खिचडी, घावन, शिरा असे सहा पर्याय घ्या. कुठलाही एक क्रमांक निवडायला नवशिके इथे हमखास रँडिंट(०, ६) लिहितात. रँडिंट दोन्ही टोकं धरतं, म्हणजे ० ते ६ असे सात आकडे. लिस्टची मोजणी ० पासून होते, म्हणून तिचा शेवटचा क्रमांक मात्र ५. त्यामुळे सरासरी सातातून एकदा इंडेक्स एरर (यादीत नसलेला क्रमांक मागितल्याची चूक) येते, आणि चार-पाचदा चालवून पाहिलं तर कदाचित दिसणारही नाही! सरळ रँडम.चॉइस वापरा, ते यादीतून थेट एक पर्याय उचलतं. लिस्ट रिकामी असली तर तेही कोसळतं, म्हणून निदान दोन पर्याय येईपर्यंत बटण बंद ठेवा.

‘पोहे’ आणि मागे स्पेस पडलेलं ‘पोहे ’ ही संगणकाला दोन वेगळी नावं. दोन्ही यादीत गेली तर पोह्यांची शक्यता गुपचूप इतरांच्या दुप्पट होते. नाव साठवण्याआधी स्ट्रिप करा (म्हणजे मागच्या-पुढच्या स्पेस काढा), मग ते यादीत आहे का ते तपासा.

लागोपाठ दोनदा उपमा आला की लोक म्हणतात, ॲप बिघडलं. बिघडलेलं नसतं, पण मागचं उत्तर वगळून निवडलेलं बरं.