'ग्रीन अनियन्स'चा ऑर्गन: लेस्ली राहू दे, आधी बोटं उचला

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला पायपेटीवाला आठवतो. बुकर टी. अँड द एमजीज या अमेरिकन बँडच्या 'ग्रीन अनियन्स' या शब्दांविना धुनेवरचा (स्टॅक्स रेकॉर्ड कंपनी, मेम्फिस, 1962) हॅमंड कंपनीचा ऑर्गन त्या जातीचा नाही. त्यात हवा नाही. विजेच्या मोटरवर फिरणारी दातेरी चाकं आहेत.

ही धून वाजवायची म्हणून लोक कीबोर्डवर बी-3चा (हॅमंडचं मोठं मॉडेल) प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, लावतात, लेस्ली (आवाज फिरवणारा स्पीकर) गरागरा फिरवतात आणि आवाज जुळत नाही म्हणून कुरकुरतात. जुळेल कसा? रेकॉर्डवर वाजलाय एम-3, घरगुती वापराचा छोटा ऑर्गन (स्पिनेट). त्याच्या दोन्ही कीबोर्डांना 44-44 पट्ट्या; बी-3ला 61-61. शिवाय जॅझच्या ऑर्गन ट्रिओत डावा हात बास सांभाळतो. इथे लुई स्टाइनबर्गची बास गिटार आहे, तेव्हा डाव्या हाताने खालच्या सुरांत गर्दी करायची नाही.

सुरुवात अशी करा: लेस्ली बंद, पहिले तीन ड्रॉबार (आवाजाचे थर कमीजास्त करणाऱ्या ओढायच्या दांड्या) पूर्ण 8वर, बाकी शून्य. पर्कशन (सुराच्या सुरुवातीचा 'टक्') चालू, डिके (तो विरण्याचा वेग) फास्ट. पर्कशनचे सेकंड आणि थर्ड हार्मोनिक (उपस्वर) दोन्ही ऐकून बघा. सेकंड सप्तकभर वर वाजतो, थर्ड त्याच्याही वरच्या पंचमावर. आवाज कोरडा वाटला तर चौथा ड्रॉबार थोडा ओढा. बी-3च्या पद्धतीत पर्कशन लावलं की नववा ड्रॉबार गप्प होतो. तो बिघाड नव्हे.

खरी अडचण पेटीवाल्यांची. पर्कशनचा 'टक्' सगळ्या पट्ट्या सुटल्यानंतरच्या पहिल्या सुरालाच मिळतो. पेटीसारखं सूर जोडत वाजवलंत तर पहिला सूर टकटकीत आणि पुढचे सगळे बोथट. रिफच्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीच्या) प्रत्येक कॉर्डआधी हात पूर्ण उचला. पट्टी जोरात दाबून उपयोग नाही, आवाज पायाच्या पेडलवरच कमीजास्त होतो.

रिफ एफमध्ये: एफ, ए फ्लॅट, बी फ्लॅट, म्हणजे सा, कोमल ग, म. चौकट बारा बारच्या ब्लूजची, लय मिनिटाला 140 ठोक्यांच्या आसपास. अल जॅक्सनचे ड्रम ऐका. तो कुठेही घाई करत नाही. स्टीव्ह क्रॉपरची गिटार मध्येच कापल्यासारखी येते, तेव्हा ऑर्गनने जागा सोडावी. याच नावाच्या अल्बममधलं 'मो अनियन्स' याच मुशीतलं, पण संथ ब्लूजसाठी 'बिहेव्ह युअरसेल्फ' आधी बसवा. 'ग्रीन अनियन्स' मुळात त्याच सिंगलची बी-बाजू (तबकडीची मागची बाजू) होती.

अमेरिकेतून जुना हॅमंड आणायचा विचार असेल तर एक सांगतो. त्याची मोटर 60 हर्ट्झवर चालते, आपली वीज 50ची. 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला तरी चाकं हळूच फिरतात आणि सगळे सूर साधारण तीन पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून) खाली उतरतात. एफ दाबाल, डी ऐकू येईल. त्यासाठी फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरच लागतो.