आत किती माणसं आहेत?

यंदा गंगेला पूर आला त्या दिवशी मीही होळकर पुलावर जाऊन उभा राहिलो. नाशिककराला ते चुकत नाही. (बाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) दुतोंड्या मारुतीच्या (घाटावरची ही मूर्ती म्हणजे आमचं पुराचं माप) कमरेला पाणी लागलं होतं. शेजारचा एक पोरगा मोबाइल उंच धरून कुणाला तरी सांगत होता, "छातीला लागलं ना, की मिलिट्री बोलावतात बघ. देवळाली काय, इथे तर आहे."

मी तोफखान्यात बावीस वर्षं काढली, हवालदार म्हणून घरी आलो. अशा वेळी गप्प बसणं मला जमत नाही. म्हटलं, "बाळा, देवळालीत तोफा चालवायला शिकवतात, बोटी नाही."

पोरगा हसला, पण त्याचं चुकलं असंही नाही. नाशकात मिलिट्री डोळ्यांसमोर असते. नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनची शाळा, ओझरला एअर फोर्स. डोक्यावरून चेतक, चीता हेलिकॉप्टर घरघरत गेलं तरी कुणी मान वर करत नाही. त्यामुळे पूर आला की छावणीचं फाटक उघडून जवान धावत येतील असं वाटतं. तसं होत नाही. लष्कर आपल्या मनाने शहरात उतरत नाही. कलेक्टरकडून मागणी जावी लागते, ती वरून मंजूर व्हावी लागते. त्याआधी अग्निशमन दल, घाटावरची पोहणारी पोरं, मग धुळ्याहून एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती दल) आणि पुण्याहून एनडीआरएफ (केंद्राचं). एनडीआरएफची ती नारिंगी कपड्यांतली माणसं म्हणजे मिलिट्री नव्हे, सीआरपीएफ, बीएसएफ अशा दलांतून घेतलेली असतात. एनडीआरएफ उभं राहिलं २००६ साली. सगळ्यांचे हात तोकडे पडले की मग लष्कर, आणि काम आवरलं की सगळ्यात आधी बाहेर.

पण १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा एनडीआरएफ नव्हतं. तेव्हा आम्हीच होतो.

३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले. आमच्या युनिटला हुकूम आला आणि ट्रक निघाले. किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात आम्हाला उतरवलं. गाव म्हणायचं म्हणून. तिकडची घरं माळवदाची: दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती मातीत बांधलेल्या, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून माणसं त्यावर आणखी माती टाकतात. वर्षानुवर्षं टाकत आलेली ती माती एका झटक्यात खाली आली होती. गंमत बघा (गंमत हा शब्द वाईट आहे, पण दुसरा सुचत नाही), पत्र्याचे हलके गोठे उभे होते. बैल दावणीला बांधलेले, जिवंत, वैरणीसाठी हंबरत होते.

जी माणसं जिवंत निघायची होती ती बहुतेक गावकऱ्यांनीच हातांनी उकरून काढली होती. आमच्या वाट्याला उरलेलं काम आलं. माझ्या तुकडीत जाट, तमिळ, डोगरा सगळे होते, मराठी बोलणारे आम्ही दोघंच. पहिल्याच तासात सुभेदार साहेबांनी माझ्या हातातला बेलचा काढून घेतला. "तू मराठा है ना? खोदना छोड़, इनसे बात कर. पूछ, अंदर कितने हैं."

म्हणून तिथे मी फार खोदलं नाही. मी विचारत हिंडलो. "आत किती माणसं आहेत?"

हे विचारणं खोदण्यापेक्षा जड होतं. माणसं आकडा सांगतच नाहीत, नावं सांगतात. एक म्हातारे होते, धोतर आणि मळकी बंडी. त्यांना विचारलं तर म्हणाले, "सात होतो. पाव्हणी धरून नऊ." मग काठी घेऊन ते ढिगाऱ्यावर चढले. काठीने रेघ ओढत म्हणाले, हा दरवाजा. ही ओसरी. ही चूल. इथं देवाचा कोनाडा. पाव्हणी ओसरीवर, पोरं चुलीजवळ. वरून सगळीकडे सारखीच माती दिसत होती, पण त्यांच्या डोळ्यांना अख्खं घर दिसत होतं. त्यांनी काठी टेकवली तिथे आमची पोरं खोदायला लागली आणि दुपारपर्यंत चुलीजवळची पोरं मिळाली. त्याबद्दल मी आणखी लिहिणार नाही.

समोरच्या घरात मात्र काठी टेकवायला कुणी शिल्लकच नव्हतं. तिथे आम्ही दोन दिवस चुकीच्या खोलीत खोदत होतो. वरून पाऊस. माती चिखल झाली, एक पाटी उचलली की दोन पाट्या आत घसरायची. कामाला हात पुष्कळ होते, शिस्त होती, कुणी कंटाळलं नाही. कुठे खोदायचं तेवढं माहीत नव्हतं.

लष्कर काय करू शकतं हे बघायचं तर केरळातलं वायनाड बघा. ३० जुलै २०२४ ला दरड आली, चूरलमलाचा पूल वाहून गेला, पलीकडचं मुंडक्कै तुटलं. बेंगळुरूच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने तिथे १९० फुटांचा बेली पूल दीड दिवसाच्या आत उभा केला, वरून २४ टन जाईल असा. त्यात आपल्या पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके होत्या. बेली पूल म्हणजे लोखंडी चौकटी, लोखंडी पिनांनी जोडत जायच्या आणि एका काठावरून रोलरवर पुढे ढकलत न्यायच्या. मागची बाजू जड ठेवायची, नाहीतर पुढचं टोक पाण्यात. आम्ही तोफखानेवाले सॅपर (म्हणजे फौजेतले इंजिनिअर) लोकांची आयुष्यभर थट्टा केली, पण तो व्हिडिओ मी तीनदा बघितला. असला पूल गल्लीतल्या मंडळाला बांधता येणार नाही. तिथे फौजच पाहिजे.

पण माझ्या गल्लीत काय होणार ते मला माहीत आहे. आम्ही पंचवटीत राहतो. ४ ऑगस्ट २०१९ च्या रविवारी दुतोंड्या मारुती अख्खा बुडाला होता, तेव्हा आमच्या ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर पाणी होतं. जे कुणी बोट घेऊन येतील, नारिंगी असोत की हिरवे, त्यांना आमचे जुने वाडे, आतल्या आतले जिने, मागची खोली यातलं काही ठाऊक नसणार. ते पहिला प्रश्न तोच विचारणार.

म्हणून पुलावरून घरी आलो आणि नातवाची दोनशे पानी वही घेतली. घर, माणसं, कोण कुठे झोपतं, कुणाला चालता येत नाही. बायको म्हणाली, "अहो, लोक म्हणतील जनगणनेवाला आला." म्हणू देत. तीन संध्याकाळी हिंडून अठरा घरं झाली. दोन घरांनी माहिती द्यायला नकार दिला, त्यांचं बरोबरच आहे, आजकाल कुणावर विश्वास ठेवायचा. तरी त्यांचा जिना मी बाहेरून बघून ठेवला.

कोपऱ्यावरच्या वाड्यात काकू एकट्या राहतात, वय ८४, ऐकू कमी. मी लिहिलं: दुसरा मजला, मागची खोली, पलंग खिडकीला लावून, हाका मारून उपयोग नाही, आत जाऊन हलवावं लागेल.

"नाव लिहून घेतोस ते रेशनचं काही आलंय का?"

"नाही काकू, पुरासाठी!" मी ओरडून सांगितलं.

त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "तर मग खाली लिही, माझा तांब्याचा बंब आधी न्यायचा. भांडी बाजारातला आहे, लग्नातला."

लिहिलं. बंब एक, उचलायला माणसं दोन.