खुर्चीत बसून "मजेत आहे" म्हणतो, ते खरं मानायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ठाण्यात पुनर्वसनाचं काम करतो म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो: मणक्याला मार बसून कमरेखालची ताकद गेलेला माणूस "माझं बरं चाललंय" म्हणतो, ते खरं असतं की घरच्यांचं मन राखायला म्हणतो?

खरं मानायचं. फक्त ते "बरं" कुणी विचारलं, कसं विचारलं आणि समोर कोण बसलं होतं, हे आधी पाहायचं.

अल्ब्रेख्ट आणि डेव्हलीगर या अभ्यासकांनी १९९९ साली १५३ अपंग व्यक्तींच्या मुलाखतींवर लेख लिहिला. त्यांतल्या मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी ५४.३ टक्के जणांनी आयुष्याचा दर्जा चांगला किंवा उत्तम असल्याचं सांगितलं होतं. बाहेरच्याला हे पचत नाही, कारण तो पाय बघतो. रोजची कामं माणूस स्वतः किती करतो हे मोजणारा बार्थेलचा शंभर गुणांचा तक्ताही पायच बघतो: चालण्याला १५, जिन्याला १०. चाकांची खुर्ची स्वतः चालवणाऱ्याला चालण्याच्या जागी ५ मिळतात, जिन्याचे शून्य. म्हणजे जेवण, आंघोळ, कपडे, संडास, सगळं एकट्याने करणारा माणूसही ८०वर अडकतो. मदत किती लागते हे पाहायला तो तक्ता उत्तम आहे. आयुष्य कसं चाललंय हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ. दोन प्रश्न सर्वसाधारण, बाकीचे चार भागांत: शरीराचे ७, मनाचे ६, नात्यांचे ३, परिसराचे ८. प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि विचारायचं ते गेल्या दोन आठवड्यांबद्दल. "पंधरवड्यात" म्हटलं की वयस्कर माणसांना लगेच कळतं. वेदना, औषधोपचारांची गरज आणि उदासी, म्हणजे ३, ४ आणि २६ क्रमांकाचे प्रश्न, उलटे मोजायचे: ६ वजा मिळालेला गुण. घाईत हेच राहून जातं, आणि ज्याला सर्वांत जास्त दुखतंय त्याचाच आकडा वर चढतो.

खरी गडबड घरात होते. दहा बाय बाराची खोली, प्रश्न त्याला विचारलेला, आणि उत्तर दारातून वहिनी देतात: "कुठलं बरं हो, रात्रभर झोपत नाही." त्या खोटं बोलत नसतात, पण तो त्यांचा त्रास असतो. जवळची माणसं बहुधा रुग्णापेक्षा कमीच गुण देतात. म्हणून त्यांचा कागद वेगळा भरावा, त्याच्या कागदात मिसळू नये. एकविसावा प्रश्न लैंगिक समाधानाचा. आई शेजारी बसलेली असताना तो रिकामाच राहणार. नात्यांच्या भागात प्रश्नच तीन, त्यातले दोन रिकामे राहिले तर त्या भागाचे गुण काढायचेच नाहीत असा नियम आहे. तेव्हा हा एक प्रश्न तरी एकांतात विचारा.

"बरंय", "चाललंय" ऐकून स्वतःच ३वर खूण करू नका. पाच चौकटींची पट्टी पुढे धरा, बोट त्याला ठेवू द्या. पक्षाघातानंतर ज्याचं डावीकडे लक्षच जात नाही, त्याला पट्टी उभी दाखवा. आडवी दाखवली तर डावीकडच्या चौकटी त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

आणि शेवटी परिसराचे आठ प्रश्न बघा: घर, पैसा, प्रवास, दवाखाना. नवी मुंबईच्या जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस मनाच्या भागात चांगले गुण देतो आणि इथे येऊन कोसळतो, तेव्हा नुसता व्यायाम वाढवून काय होणार? तळमजल्यावर घर मिळालं तरी दारात पायरी असतेच. उताराचं प्रमाण एकास बारा: १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर उतार लागतो. सोसायटी जागा वाचवायला ६० सेंटिमीटरचा करते, आणि मग खुर्ची ढकलायला वॉचमनला हाक मारावी लागते. टेप घेऊन जा, मोजा, आणि तो आकडा प्रश्नावलीच्या कागदाला जोडून सोसायटीच्या कमिटीपुढे ठेवा.