सव्हानातली गार्डन लेव्हलची खोली

आई-बाबा सांगलीहून आले की आमचं ठरलेलं असतं, नायगारा नाहीतर न्यूयॉर्क. यंदा आईनेच सांगून टाकलं, "अगं, आता चढण्याउतरण्याचं काही नको, गुडघे बोलायला लागलेत." म्हणून शनिवार-रविवार जोडून सव्हाना ठरवलं, जॉर्जियातलंच जुनं गाव. अटलांटाहून अडीचशे मैल, चार तास. मेकननंतर सोळा नंबरचा हायवे लागतो आणि दोन्ही बाजूंना पाइनशिवाय काही दिसत नाही. बाबा गाढ झोपले.

दोन वर्षांपूर्वी तिथेच मी एकदा फसले होते. हॉटेलच्या फोटोत पितळी दिवे, लोखंडी नक्षीचा सज्जा, वर 'हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये' असं लिहिलेलं. जाऊन बघते तर डिस्ट्रिक्ट जुनं, हॉटेल कोरं. खोलीही चांगली होती, पण वाडा म्हणून पैसे मोजले आणि मुखवटा मिळाला, हे काही विसरले नाही. यंदा खरं जुनं घरच हवं होतं.

म्हणून साइटवरून बुक न करता जुन्या घरातल्या एका हॉटेलला थेट फोन लावला. पलीकडच्या बाई प्रत्येक वाक्याला 'हनी' म्हणत होत्या. शुक्रवार-शनिवार दोन्ही रात्री घ्याव्याच लागतील, एक रात्र देत नाही, म्हणाल्या. लिफ्ट? नाही. मग 'गार्डन लेव्हल' घ्या, एकही जिना नाही. मी बाग डोळ्यांसमोर आणून कार्डाचा नंबर दिला.

बाग नव्हती. इथल्या जुन्या घरांना रस्त्यावरून उंच पायऱ्या असतात आणि त्या चढून दिवाणखान्याच्या मजल्यावर जायचं असतं. त्या पायऱ्यांखालचा, अर्धा जमिनीत गेलेला मजला म्हणजे गार्डन लेव्हल. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला दिसतात. कोपऱ्यात ओल शोषणारं यंत्र घुरघुरत होतं. आई मात्र खूश होती. नाश्ता वर दिवाणखान्यात आहे हे कळेपर्यंत. हे विचारायचं मी विसरले होते. चौदा पायऱ्या! त्या बाईंनी न मागता ट्रे खाली पाठवला, बेकन वगळून. वाडग्यातले ग्रिट्स ढवळून आई म्हणाली, "ह्या तर मक्याच्या कण्या. फोडणी राहिली."

गाडीचंही सांगून ठेवते. आम्ही गेलो तेव्हा रस्त्यावरचे पार्किंगचे मीटर रविवारी फुकट होते, म्हणून शेवटच्या दिवशी हॉटेलच्या पार्किंगचे पैसे वाचले. बिलात प्रत्येक रात्रीला जॉर्जिया राज्याचे पाच डॉलर वेगळे दिसतात, ते हॉटेलने लावलेले नसतात. बाबांनी बँकेतल्या सवयीने ओळ न् ओळ तपासली.

सव्हाना वयस्कर माणसांना घेऊन फिरायला सोपं आहे. १७३३ मध्ये, जॉर्जिया वसाहत वसवणाऱ्या ओगलथॉर्पने आखलेलं गाव. त्यातल्या चोवीस चौकांपैकी बावीस अजून आहेत, आणि बहुतेकांत ओकची सावली नि बाकडं. आई एका चौकातून दुसऱ्यात, बसत बसत, फोर्सिथ पार्कच्या कारंज्यापर्यंत गेली. ओकवरून लोंबणारं ते करडं, शेवाळासारखं दिसणारं स्पॅनिश मॉस बघून म्हणाली, "जटा आल्यात झाडांना."

दुपारी ओवेन्स-थॉमस हाउस बघितलं. १८१९ मधलं घर, आता संग्रहालय. मला वरच्या मजल्यावरचा लाकडी पूल दाखवायचा होता. बाबा रमले ते मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्यांत. छताला निळीचा रंग अजून टिकून आहे. भुतं येऊ नयेत म्हणून हा रंग लावत, असं मानतात. नंतर तळघरातलं स्वयंपाकघर लागलं. विटांच्या भिंती, खिडक्या रस्त्याच्या पातळीला. बाबा तिथे बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपली खोली अशीच आहे की."

परत आल्यावर बाबांनी मला हॉटेलच्या त्या बाईंनाच विचारायला लावलं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. हो, हे स्वयंपाकघरच होतं, अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधीपासूनचं. भिंतीच्या करड्या विटांवरही हात ठेवून दाखवला. 'सव्हाना ग्रे', नदीकाठच्या हर्मिटेज मळ्यावर गुलामांनी भाजलेल्या. जुन्या चुलीची कमान बुजवलेली आहे, पण आकार दिसतो, म्हणाल्या. बाबांनी ती लगेच शोधून काढली. पलंगाच्या उशाशीच होती.

त्या रात्री आईने उशी उचलून पायथ्याशी ठेवली आणि तिकडे डोकं करून झोपली. मी विचारलं तर म्हणाली, "एसीचा वारा लागतो गं."