१०५ पैकी ७२ ठिपके

आमच्या भागातल्या जैविक एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे सिग्नल टिपून प्रथिनांसारखे रेणू तपासण्याचं तंत्र) करणाऱ्या प्रयोगशाळांची यंदाची वार्षिक बैठक पुण्यात झाली. व्याख्यानं ठरल्याप्रमाणे पार पडली, पण दिवस खाल्ला तो एका पोस्टरने. ११० अमिनो आम्लांचं प्रथिन, नायट्रोजन-१५ चं लेबल, ६०० मेगाहर्ट्झवर घेतलेला एचएसक्यूसी, म्हणजे हायड्रोजन आणि त्याला जोडलेला नायट्रोजन यांचा द्विमितीय नकाशा. यात प्रथिनाच्या कण्यातल्या प्रत्येक अमाइडचा (नायट्रोजन-हायड्रोजन जोडीचा) एक ठिपका येतो. प्रोलीनला अमाइड हायड्रोजन नसतो, म्हणून ४ प्रोलीन वजा. साखळीच्या सुरुवातीचा अमिनो गट दिसत नाही, तोही वजा. राहिले १०५. पोस्टरवर होते ७२.

या मोजणीतच पुष्कळजण फसतात. नायट्रोजनच्या अक्षावर ११२ पीपीएमच्या (ठिपक्याची जागा सांगणारं माप) आसपास एकाच आडव्या रेषेत जोडीने दिसणारे ठिपके अ‍ॅस्परॅजिन-ग्लुटामिनच्या बाजूच्या साखळ्यांचे, ते धरायचे नसतात. आर्जिनिनचे ८५ पीपीएमजवळचे सिग्नल मोजलेल्या पट्ट्याबाहेरून दुमडून भलतीकडेच उगवतात. इथे हे सगळं वगळलेलं होतं. मोजणी चोख होती.

पोस्टरवाल्यांचं म्हणणं असं, की प्रथिनाचा काही भाग मिलिसेकंदांच्या वेगाने दोन आकारांत हेलकावतो, म्हणून तिथले सिग्नल रुंदावून विरून जातात. अशक्य काहीच नाही. पण खाली बारीक अक्षरात बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) दिला होता : ट्रिस, पीएच ८.०, मीठ ३०० मिलिमोलर. म्हणजे शुद्धीकरणाचा बफर तसाच ट्यूबमध्ये. यंत्र सांभाळणाऱ्या मॅडमनी नेमकं तिथेच बोट ठेवलं : ‘‘अहो, आधी पाणी बघा, मग प्रथिनाची हालचाल!’’

पीएच एका अंकाने चढला की अमाइड हायड्रोजनची पाण्याशी अदलाबदल साधारण दहापट वाढते. ६.५ वरून ८.० वर गेलात तर तीसपट. हायड्रोजन बंधात न अडकलेले, उघड्यावरचे अमाइड त्यात पहिले जातात, म्हणजे त्यांचे ठिपके विरतात. मिठाचा त्रास निराळा. क्रायोप्रोबमध्ये (अतिथंड ठेवलेल्या संवेदकात) वाहक नमुना संवेदनशीलता खातो आणि प्रोटॉनचं चुंबकत्व ९० अंशांनी वळवणारा रेडिओलहरींचा पल्स लांबतो. जुन्याच आकड्यावर प्रयोग चालवला तर उरलासुरला सिग्नलही पातळ होतो.

दुपारी तीच ट्यूब यंत्रात गेली. एक एचएसक्यूसी पाण्याचं चुंबकत्व राखून, दुसरा पाण्याचा सिग्नल प्रीसॅच्युरेशनने, म्हणजे आधीच रेडिओलहरींचा मारा करून, दाबून. दुसऱ्यात दिसणाऱ्यांपैकीही डझनभर ठिपके फिके पडले. पाण्याची दाबलेली अवस्था अदलाबदलीने अमाइडपर्यंत पोचत होती. मग तापमान २९८ वरून २८३ केल्व्हिनवर आणलं. सगळ्याच रेषा थोड्या जाडावल्या, हे अपेक्षितच, पण काही नवे ठिपके वर आले. संशय पक्का झाला.

सुदैवाने बर्फात जादा नमुना होता. पीएच उतरवण्याआधी पीआय (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य होतो तो) पाहिला : ९ च्या वर, म्हणजे ६.५ ला धोका नाही. पीआय ६.५ च्याच आसपास असता तर ट्यूबमध्ये दही लागलं असतं. मग ३ किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूगल फिल्टरमध्ये (याहून मोठे रेणू अडवणाऱ्या) बफर बदलला : फॉस्फेट २० मिलिमोलर, मीठ ५०. दर वेळी दहापट पातळ करून परत आटवायचं. तीनदा केलं की जुना बफर हजारपट कमी होतो. फिल्टर आधी पाण्याने दोन-तीनदा धुवायचा, नाहीतर पडद्यातलं ग्लिसरॉल ३.६ पीपीएमच्या आजूबाजूला ठाण मांडून बसतं. एका दमात आटवायचं नाही. पडद्यालगत प्रथिन दाट होऊन साका धरतं. दर पाच-दहा मिनिटांनी थांबवून पिपेटने हलकेच ढवळायचं, फेस न आणता. शेवटी ५०० मायक्रोलिटरला ५० मायक्रोलिटर जड पाणी, लॉकसाठी, म्हणजे यंत्राचं चुंबकीय क्षेत्र स्थिर धरून ठेवायला.

ट्यूब बदलली की ट्यूनिंग (प्रोब जुळवणं), शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) आणि पल्सची मोजणी पुन्हा. पल्स साडेतेरावरून ९ मायक्रोसेकंदांवर आला. रात्रीच्या जेवणाआधी ९७ ठिपके पडद्यावर होते.

राहिले आठ. पोस्टरवाल्यांचा दावा त्यांच्यापुरता अजून जिवंत आहे, फक्त जे दिसतच नाहीत त्यांची रिलॅक्सेशन डिस्पर्शन (असा हेलकावा मोजणारा प्रयोग) मोजता येत नाही. मोजायची ती शेजाऱ्यांची. त्याआधी ते आठ कोणते हे ठरवायला कार्बन-१३ चंही लेबल हवं : जिवाणू वाढवायच्या एम९ माध्यमात लिटरला १ ग्रॅम नायट्रोजन-१५ अमोनियम क्लोराइड, २ ते ३ ग्रॅम कार्बन-१३ ग्लुकोज. ग्लुकोज महाग, म्हणून आधी साध्या ग्लुकोजवर त्याच माध्यमात प्रथिन किती निघतं ते बघायचं ठरलं.