उसवण्याचे दिवस

मंगळवार, १४ एप्रिल २०२०

टोमॅटोची रोपं उंच झाली आहेत, पण त्या उंचीवर माझा विश्वास नाही. खिडकीतून उजेड एकाच बाजूने येतो आणि तोही पुरत नाही, म्हणून ती नुसती ताणली गेली आहेत. देठ बारीक, पांढुरके, आणि सगळ्यांच्या माना काचेकडे. सकाळी ट्रे फिरवून ठेवला की संध्याकाळपर्यंत माना पुन्हा वळायला लागतात. देठाची सावलीतली बाजू उजेडाकडच्या बाजूपेक्षा जास्त वाढते, त्यामुळे तो वाकतो. टोमॅटोच्या बाबतीत यावर इलाज सोपा आहे. मोठ्या कुंडीत लावताना देठ पानांपर्यंत मातीत गाडायचा. गाडलेल्या देठालाच मुळं फुटतात आणि रोप बुटकं होऊन सुधारतं. वांग्या-मिरचीला इतक्या सहज हे जमत नाही.

बी विकतचं नाही. ते मिळतच नव्हतं. करोनाच्या टाळेबंदीत जगभर लोकांना एकदम बागकामाची आठवण झाली आणि कितीतरी देशांतल्या बियाण्यांच्या कंपन्यांना काही दिवस ऑर्डर घेणं थांबवावं लागलं. मग स्वयंपाकघरातलाच एक जास्त पिकलेला टोमॅटो कापला. बीभोवती जो बुळबुळीत थर असतो तो उगवण रोखून धरतो, नाहीतर फळाच्या ओल्या पोटातच बी रुजलं असतं. तो थर काढायला बिया त्यांच्याच रसात दोन-तीन दिवस ठेवायच्या, आंबू द्यायच्या, मग धुऊन वाळवायच्या. आंबण्याचा वास घरभर झाला. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

फळ संकरित वाणाचं असेल तर पुढचं फळ त्याच्यासारखं निघेलच असं नाही. हे मला उलट आवडतं. सध्या बाकी कशाचाच अंदाज लागत नाहीये, त्यात निदान ही एक अनिश्चितता बघण्यासारखी.

फोनवर आज पुन्हा तोच सल्ला आला. मिळालेला वेळ सत्कारणी लावा, एखादी नवी कला शिका. हा वेळ मिळालेला नाही, अंगावर आलेला आहे. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे किंवा ज्यांचं काम सुटलंय, त्यांना हे कोण सांगतंय? मला काही शिकायचं नाहीये. हाताला काम हवंय, म्हणजे तो फोनकडे जाणार नाही.

रविवार, १९ एप्रिल

माळ्यावरून शिलाई मशीन काढलं. तेल सुकलेलं, चाक जड. पुसून, तेलाचे थेंब सोडून, नुसतंच दोरा न घालता बराच वेळ चालवलं. मग काळं तेल बाहेर आलं, ते चिंधीने टिपलं.

दोरा घालून टीप मारली तर वरून सुबक आणि खालून नुसता गुंता. मला वाटलं, गुंता खाली आहे म्हणजे बॉबिन, खालच्या दोऱ्याची ती छोटी रिळ, बिघडली. आईला व्हिडिओ कॉल लावला.

"फोन जरा खाली धर. मला तुझं कपाळ नको, सुई दाखव," आई म्हणाली.

दाखवली.

"दोरा ओवताना फूट वर होता का खाली?"

"खाली."

"मग परत ओव. खाली गुंता झाला की दोष वरच्या दोऱ्याचा असतो गं."

तसंच निघालं. दाबाचा फूट खाली असला की ताणाच्या चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, वरवर राहतो. ताण नसल्यामुळे तो खाली ओढला जातो आणि तिथे जमा होतो. फूट वर करून ओवला, टीप दोन्ही बाजूंनी सारखी आली. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो: वरचा दोरा सुईच्या टोकाजवळच्या नाकातून खाली जातो, तिथे आकडी त्याचा फास पकडते आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवते. दोघांची गाठ कापडाच्या जाडीच्या बरोबर मध्ये पडायला हवी. इलियस होवे या अमेरिकी माणसाने १८४६ मध्ये पेटंट घेतलं ते अशाच दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या मशीनचं. अजूनही टाका तोच चाललाय.

आईने पुढे अर्धा तास इतर चौकशा केल्या. फोन मशीनवर टेकवून ठेवला होता. ती बोलत होती आणि मी चिंधीवर सरळ रेषा मारत होते. अशा गप्पा आमच्या बऱ्याच वर्षांत झाल्या नव्हत्या.

गुरुवार, ७ मे

मास्क शिवायचे ठरवले तर कापड कुठून आणायचं हा पहिला प्रश्न. नवऱ्याचे ऑफिसचे शर्ट कपाटात टांगलेले. दाट विणीचं सुती कापड, पुष्कळदा धुतलेलं, म्हणजे आणखी आटायचा धोका नाही. एक मागितला, जुन्यातला जुना. त्याने कॉलर बघून दिला. ती घडीवर झिजून फाटली होती.

कात्रीने सरळ कापता आला असता. बहुतेक जण तेच करतात, आणि मास्कपुरतं तेवढं पुरतं. पण मी तो उसवायला बसले, आणि दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

उसवण्याची एक रीत आहे. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका तोडत जायचं, मग कापड उलटं करून दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ओढायचा. तो अख्खा निघून येतो, लांबच्या लांब, टाक्यांच्या जागी बारीक बारीक वळ घेतलेला. कापडाला इजा होत नाही.

शर्टाच्या आत इतकं काही असतं हे मला माहीत नव्हतं. खांद्यावरची पट्टी दुहेरी, आणि तिच्या दोन थरांच्या मध्ये पाठीचा भाग सरकवलेला, म्हणजे शिवणीचं एकही टोक अंगाला लागत नाही. बाजूच्या शिवणीत एका कापडाची कड दुसरीवर दुमडून दोन टिपांनी दाबलेली. कॉलर म्हणजे एक तुकडा नव्हेच. उभी पट्टी वेगळी, पडणारी कॉलर वेगळी, दोन्हींच्या पोटात बकरम, म्हणजे ताठपणा देणारं कडक कापड. कॉलरच्या टोकाशी शिवणीतलं जादा कापड तिरपं छाटलेलं, नाहीतर उलटवल्यावर तिथे गोळा झाला असता. कुणीतरी कुठेतरी दिवसाला असे किती शर्ट शिवत असेल. हे छाटणं बाहेरून कुणाला दिसणार नव्हतं, तरी ते नीट केलेलं होतं.

सगळे भाग इस्त्री करून पलंगावर पसरले तेव्हा शर्ट ओळखू येत नव्हता. बाहीचा तुकडा किती मोठा असतो! वरच्या टोकाला घंटेसारखा वळणदार. नवरा बघायला आला, म्हणाला, "आता हा परत जोडता येईल?" म्हटलं, येईल, पण त्यासाठी नाही उसवला. "मग कशासाठी?" मास्कसाठी, असं सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

मंगळवार, १२ मे

नात्यातल्या एकांना दवाखान्यात नेलंय. कुणाला बरोबर जाता येत नाही. कुंड्यांना पाणी घातलं. मशीन उघडलं नाही.

शनिवार, २३ मे

ते घरी आले. अशक्तपणा आहे, पण जेवतायत.

बाल्कनीत झाकणाच्या बादलीत कचरा कुजवतेय. बादलीला खाली आणि बाजूला भोकं पाडली आहेत. सालींच्या दुप्पट सुकी पानं घालायची, एवढा एक नियम पाळला की बाकी सगळं माफ. नुसत्या साली घातल्या की पाणी सुटतं, हवा कोंडते आणि वास मारतो. सुकं जास्त झालं तर ढीग महिनोन् महिने तसाच राहतो. मूठभर उचलून दाबलं तर ओल जाणवावी, पाणी ठिबकू नये. मोठ्या ढिगाला जशी ऊब येते तशी एवढ्याशा बादलीत येत नाही, त्यामुळे सगळं संथ. झाकण उघडून बघण्यासारखं त्यात काही नसतं. तरी मी रोज बघते. आधी साल ओळखू येते, मग फक्त तिचा रंग ओळखू येतो, मग काहीच नाही.

सुती चिंध्यासुद्धा कुजतात. शर्टाच्या शिवणींच्या कातरलेल्या कडा त्यात टाकल्या. दोरा मात्र बाजूला काढला. शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टर असतो, तो तसाच राहील.

मिरचीवर मावा आला आहे, रस शोषणारी बारीक कीड. कोवळ्या पानांच्या मागे गच्च. मुंग्यांची ये-जा सुरू झाली तेव्हाच लक्षात यायला हवं. माव्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट रसासाठी त्या येतात आणि त्या बदल्यात त्याचं रक्षण करतात. साबणाचं पातळ पाणी फवारणार होते, तेवढ्यात एका पानावर काळपट, काटेरी, सहा पायांचा, नारिंगी ठिपक्यांचा किडा दिसला. दिसायला अगदी दुष्ट. तो लेडीबर्डची अळी निघाला. मोठ्या लेडीबर्डवर सगळे प्रेम करतात, पण मावा अधाशासारखा फस्त करते ती ही कुरूप अळी. फवारणी रद्द केली. नुसत्या बोटाने खालच्या फांद्या पुसल्या आणि वरच्या तिच्यासाठी सोडल्या.

शनिवार, ६ जून

जागतिक आरोग्य संघटनेने काल कापडी मास्कबद्दल नवी सूचना काढली. महासाथ जाहीर केली ११ मार्चला, आणि घरगुती मास्क कसा असावा हे इतक्या तपशिलात आता. शिवणारे तोवर थांबले नव्हते. तीन थर सांगितले आहेत: आतला सुतासारखा ओल शोषणारा, बाहेरचा ओल न शोषणारा, पॉलिएस्टर वगैरे, आणि मध्ये न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन. हे शेवटचं घरात होतंच, त्या जाड कागदासारख्या वाटणाऱ्या कापडी पिशव्या त्याच्याच असतात.

पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि सुती कापडाची इस्त्री त्याच्या वर जाते. म्हणून आधी सुती थराच्या घड्या इस्त्री करून घेते, मधला थर नंतर घालते. सुई ७० किंवा ८० नंबरची. ८० म्हणजे जाडी ०.८ मिलिमीटर, जितकी जाड सुई तितकं मोठं भोक, आणि ज्यातून थेंब जाऊ नयेत अशा वस्तूला उगाच भोकं कशाला पाडा. चुकून तिरकी गेलेली टीप मी मास्कवर उसवत नाही, तुकडाच बदलते. उसवलेल्या टिपेची भोकं राहतात. दाट कापडावर तर पक्की राहतात.

इलॅस्टिक बाजारातून गायब आहे. जुन्या टी-शर्टच्या आडव्या पट्ट्या कापून दोन्ही टोकं धरून ताणल्या की कडा आपोआप आत वळतात आणि गोल नाडी तयार होते. ती कानाला लागत नाही. यापुढे इलॅस्टिक मिळालं तरी मी हीच वापरेन.

वू लिएन-तेह नावाच्या डॉक्टरने १९१०-११ मध्ये ईशान्य चीनमधल्या मांचुरियातल्या फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये गॉझ (जाळीदार पातळ कापड) आणि कापसाचे थर घालून मास्क वापरायला लावले होते. डॉक्टरांमध्येही काहींना ते पटलं नव्हतं. एवढ्या वर्षांनी आमच्याकडे टेबलावर तीच चर्चा: थर किती, मध्ये काय. आणि कुणालातरी अजून पटलेलं नाही, हेही तसंच.

रविवार, २८ जून

टोमॅटोला फुलं येत होती आणि गळत होती. फुलात दोन्ही अवयव असतात, परागण स्वतःचं स्वतः होतं, पण परागकण बंद नळीत असतात आणि ते सुटायला हादरा लागतो. उघड्यावर ते काम वारा करतो, नाहीतर भुंगे आपल्या गुणगुणण्याच्या कंपाने करतात. माझ्या बाल्कनीला तिन्ही बाजूंनी भिंती. बॅटरीवर चालणारा जुना टूथब्रश फुलांच्या देठाला टेकवायचा असं वाचलं होतं. तो भर दुपारी हातात घेऊन उभी होते तेव्हा समोरच्या खिडकीतल्या काकूंनी हात केला. मीही केला. खुलासा काय करणार.

आता गोटीएवढी हिरवी फळं आहेत. आकार लांबट दिसतोय, मूळ फळ गोल होतं.

कोथिंबीर गेली. उन्हाचा ताप वाढला की ती पानं सोडून फुलावर जाते, मग खुडून काही उपयोग नाही. काढून टाकणार होते, पण तशीच राहू दिली. फुलांवर बारीक माश्या येतात, त्यांच्याही अळ्या मावा खातात. धणे धरले तर पेरणीलाही होतील. पेरताना ते हलक्या हाताने रगडून दोन करायचे, कारण एका धण्यात बी दोन असतात.

नवऱ्याला ऑफिसकडून पत्र आलं, पुढच्या महिन्यापासून आळीपाळीने यायचं आहे. त्याने कपाट उघडलं. मी एवढ्यात आणखी एक शर्ट उसवायला घेतला होता, कॉलरपर्यंतच आले होते. तो ती कॉलर हातात घेऊन उभा राहिला.

"ही झिजलेली बाजू आत घालून परत लावता येते म्हणे," तो म्हणाला. "आई सांगत होत्या परवा."

म्हणजे माझ्या पाठीमागे या दोघांचं बोलणं चालतं.

येते. कॉलर उभ्या पट्टीपासून सोडवायची, उलटी फिरवायची, त्याच भोकांवर पुन्हा टीप घालायची. खालची बाजू वर येते, ती कोरी असते. मात्र टोकं बटणांनी शर्टाला अडकवायची कॉलर असेल तर भोकं नको तिथे येतात, ही तशी नाहीये. मी त्याला म्हटलं, बस समोर, अर्धी मी उसवली आहे, उरलेली तू उसव. दर तिसरा टाका. त्याने चष्मा शोधला.