तुम्ही विचारलंत म्हणून : ‘कुणाचा हा पोरगा?’

‘अगं, जगात एवढे क्लब पडलेत, मग हा बिल्बाओचाच का?’ हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, रिक्षावालेही विचारतात, कारण माझ्या पिशवीवर अ‍ॅथलेटिक क्लबचं, म्हणजे स्पेनमधल्या बिल्बाओ शहराच्या फुटबॉल क्लबचं बोधचिन्ह आहे. मी थोडं सांगू लागले, की लगेच दुसरा प्रश्न येतो आणि खरा प्रश्न तोच असतो. ‘फक्त आपल्याच भागातली पोरं घ्यायची, बाहेरच्याला दार बंद. म्हणजे आपल्याकडच्या भूमिपुत्रांच्या राजकारणासारखंच ना हे?’

उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज बसून लिहिते.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात. जिथे पैलवान घुमले, त्याच तालमींची पोरं शाहू स्टेडियमवर उतरतात. बाबा आमच्या पेठेतल्या तालमीकडून खेळायचे. मॅच बघताना नवा चेहरा मैदानात आला, की बाबांच्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं, ‘कुणाचा हा पोरगा?’ त्याचं नाव किंवा तो कुठल्या जागेवर खेळतो, हे नंतर. अमक्या गल्लीतला, तमक्याचा धाकटा, असं उत्तर मिळालं की बाबा मागे टेकून बसायचे. पुढे त्या पोराने सोपा गोल घालवला तरी शिव्या घातल्या जायच्या त्या घरच्या माणसाला घालतात तशा. आता आमच्या स्पर्धांमध्येही बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू दिसतात. खेळ त्यामुळे वेगवान झाला आहे, हे मी मान्य करते. पण ‘कुणाचा?’ हा प्रश्न कानात राहिला आहे, आणि बिल्बाओचा क्लब मला सापडला तो त्या प्रश्नामुळे. एक अख्खा व्यावसायिक क्लब, स्पेनच्या पहिल्या श्रेणीत रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाच्या बरोबरीने खेळणारा, शंभराहून अधिक वर्षं हाच प्रश्न विचारत आला आहे.

स्पेनच्या उत्तरेला, समुद्रालगत, बास्क लोकांचा प्रदेश आहे. स्पेनमधले चार आणि फ्रान्समधले तीन असे सात प्रांत, सगळे मिळून लोकवस्ती साधारण 30 लाख. आपल्या पुणे महानगरात याहून कितीतरी जास्त माणसं राहतात. या सात प्रांतांत जो जन्मला, किंवा जो तिथल्या क्लबांत फुटबॉल शिकून वाढला, तोच अ‍ॅथलेटिकचा खेळाडू होऊ शकतो. फुटबॉल संघटनेने असा नियम केलेला नाही. क्लबने हे बंधन स्वतःच स्वतःवर घालून घेतलं आहे आणि उद्या हवं तर ते सोडता येईल. तरी 1929 मध्ये स्पॅनिश लीग सुरू झाली तेव्हापासून एकदाही खालच्या श्रेणीत न गेलेले क्लब तीनच आहेत : रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि हा. पहिले दोघे जगभरातून खेळाडू विकत घेतात. तिसरा आपल्या घराच्या अंगणात शोधतो. लीगची आठ विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत.

गंमत म्हणजे या क्लबची सुरुवातच परक्यांच्या संगतीत झाली. बिल्बाओत लोखंडाच्या खाणी होत्या, जहाजांचे कारखाने होते, आणि त्यांच्यामागून इंग्लंडचे कामगार नि खलाशी चेंडू घेऊन आले. इंग्लंडात शिकून परतलेली बास्क पोरंही खेळाचं वेड घेऊन आली. क्लब आपली स्थापना 1898 ची मानतो. नाव इंग्रजी, ‘अ‍ॅथलेटिक’, आणि आजही ते तसंच आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीत, 1941 मध्ये, परकी शब्द चालणार नाहीत म्हणून ते बळजबरीने ‘अ‍ॅटलेटिको’ करायला लावलं होतं. 1972 मध्ये क्लबने आपलं जुनं इंग्रजी नाव परत घेतलं. लाल-पांढरे पट्टेसुद्धा इंग्लंडचे. 1909 च्या अखेरीस क्लबचा एक माणूस निळ्या-पांढऱ्या जर्सी आणायला तिकडे गेला, त्या पुरेशा मिळेनात, तेव्हा परतीच्या बोटीत बसण्याआधी त्याने साउदॅम्प्टनच्या संघाच्या लाल-पांढऱ्या जर्सी उचलल्या. तेव्हापासून हाच रंग.

सुरुवातीला संघात इंग्रज खेळाडूही होते. 1911 च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्यावरून मोठं भांडण झालं, आणि पुढच्या वर्षापासून संघात फक्त स्थानिक पोरं खेळू लागली. म्हणजे हे व्रत एका वादातून निघालं, नंतर त्याची सवय झाली आणि सवयीचा अभिमान. प्रशिक्षक मात्र कुठलाही चालतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. फ्रेड पेंटलंड नावाच्या इंग्रजाने या पोरांना जमिनीलगत छोटे पास देत खेळायला शिकवलं. मॅच जिंकली की पोरं त्याची गोल हॅट तुडवून सपाट करायची. 1931 मध्ये त्याच्या संघाने बार्सिलोनाला 12-1 असं हरवलं. पुढे जर्मनीचा युप हाइन्केस आला, अर्जेंटिनाचा मार्सेलो बिएल्सा आला. शिकवायला कुणीही या, खेळणारी पोरं आमची, असा तो हिशोब.

आता भूमिपुत्रांचा मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण या क्लबच्या इतिहासात त्याचं एक दुखरं पान आहे. मिगेल जोन्स हा मुलगा आफ्रिकेतल्या फर्नांदो पो बेटावर 1938 मध्ये जन्मला, ते तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. लहानपणीच तो बिल्बाओला आला, तिथल्याच गल्ल्यांत वाढला, तिथेच खेळ शिकला. 1950 च्या दशकात अ‍ॅथलेटिकने त्याला पारखलं आणि घेतलं नाही. कारण सांगितलं गेलं ते जन्मस्थानाचं. कातडीच्या रंगाचा काही संबंध होता का, यावर लोक अजून वाद घालतात. जोन्स माद्रिदच्या अ‍ॅटलेटिकोकडे गेला आणि 1962 मध्ये युरोपच्या कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. बिल्बाओचंच पोर, गोल दुसऱ्यासाठी. मला वाटतं, त्या दिवशी ‘कुणाचा?’ या प्रश्नाचं उत्तर क्लबने चुकीचं दिलं. जन्माचा दाखला बघितला आणि समोर उभं असलेलं पोर बघितलं नाही.

पण उत्तर तिथेच थांबलं नाही, आणि म्हणून माझा या क्लबवर जीव आहे. आधी बिल्बाओ ज्यात येतं त्या बिस्काय प्रांतातला, मग बास्क मुलखातला कुठलाही, मग जन्म कुठेही असो पण इथे शिकून घडलेला, अशी ती रेघ हळूहळू पुढे सरकली. कामाच्या शोधात स्पेनच्या गरीब भागांतून आलेल्या मजुरांची मुलं संघात आली. 1996 मध्ये बिशेन्ते लिझाराझू आला, फ्रान्सच्या बाजूचा पहिला बास्क. एमेरिक लापोर्त तर बास्क मुलखाबाहेर जन्मलेला फ्रेंच मुलगा, पण फ्रान्सच्या बास्क भागातलं बायोन आणि नंतर लेसामा इथे घडलेला. लेसामा म्हणजे 1971 पासूनचं क्लबचं गुरुकुल, बिल्बाओबाहेरच्या हिरव्या टेकड्यांमध्ये.

आणि मग विल्यम्स बंधू. त्यांचे आईवडील घानाहून निघाले, सहारा वाळवंटातला मोठा पल्ला पायी तुडवला, मेलिया या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्पॅनिश शहराचं कुंपण ओलांडून स्पेनमध्ये शिरले. तापलेल्या वाळूने भाजलेल्या वडिलांच्या तळपायांची दुखणी अजून सरलेली नाहीत, असं थोरल्यानेच सांगितलंय. बिल्बाओत एका पाद्र्याने त्यांना आधार दिला. 1994 मध्ये तिथे मुलगा झाला आणि त्याचं नाव त्या पाद्र्याच्या नावावरून इन्याकी ठेवलं, खास बास्क नाव. घर बास्क मुलखातल्याच पाम्प्लोनाला हललं, तिथे 2002 मध्ये निको जन्मला. इन्याकी 2016 ते 2023 या काळात लीगचे सलग 251 सामने खेळला, एकही न चुकवता. क्लबचा जुना महान गोलवीर तेल्मो सारा याचे लीगमधले गोलही 251. हा योगायोग मला फार आवडतो. इन्याकी देश म्हणून घानाकडून खेळतो, निको स्पेनकडून, आणि दोघे क्लब म्हणून अ‍ॅथलेटिककडून. 2025 मध्ये बार्सिलोना निकोच्या मागे लागली होती. त्याने बिल्बाओशी 2035 पर्यंतचा करार केला.

आता सांगा, हे भूमिपुत्रांचं राजकारण आहे का? त्या राजकारणात आधी ‘तू कुठून आलास?’ असं विचारतात आणि दार लावून घेतात. इथे ‘तुला कुणी वाढवलं?’ असं विचारलं जातं. हा फरक आपोआप झाला नाही. मिगेल जोन्ससारख्या पोराला त्याची किंमत मोजावी लागली, हे विसरता येत नाही.

शेजाऱ्यांची तक्रार वेगळी आहे आणि ती मला रास्त वाटते. अंगण छोटं असेल, तर शेजाऱ्याच्या झाडाकडे हात जातो. 1995 मध्ये शेजारच्या सान सेबास्तियान शहराच्या रेआल सोसिएदाद क्लबचा 17 वर्षांचा खोसेबा एत्सेबेरिया बिल्बाओने मोठी रक्कम मोजून उचलला, तेव्हा सान सेबास्तियानकरांनी या क्लबशी संबंधच तोडले. त्यांचा स्वतःचाही पूर्वी असाच बास्क संघ होता, 1989 मध्ये जॉन आल्ड्रिज या बाहेरच्या खेळाडूला घेऊन त्यांनी तो नेम मोडला. पण याच एत्सेबेरियाने 2010 मध्ये निवृत्त होताना आपलं शेवटचं वर्ष एक पैसाही न घेता खेळून काढलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी दोन्ही सांगते.

या दोन क्लबांचं वैर कडवं असलं, तरी 5 डिसेंबर 1976 ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फ्रँको मरून वर्ष झालं होतं, बास्क झेंड्यावर बंदी कायम होती. त्या दिवशी दोन्ही संघांचे कप्तान, अ‍ॅथलेटिकचा गोलकीपर इरिबार आणि सोसिएदादचा कोर्ताबार्रिया, तो झेंडा दोन बाजूंनी धरून मैदानात चालत आले. पुढच्याच महिन्यात बंदी उठली.

पैशाचं कसं चालतं, हेही विचारतात. हा क्लब कुणा धनाढ्याचा नाही, 40 हजारांहून जास्त सभासदांचा आहे आणि अध्यक्ष ते निवडून देतात. 1990 च्या कायद्याने स्पेनच्या बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपन्या व्हावं लागलं, त्यातून सुटलेल्या चारांपैकी हा एक. 2008 पर्यंत रोजच्या जर्सीवर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. खेळाडू सोडायचा झाला तर करारातली पूर्ण रक्कम टेकवा, घासाघीस नाही. 2018 मध्ये केपा नावाच्या गोलकीपरसाठी चेल्सीने 8 कोटी युरो मोजले. गोलकीपरसाठी तोवर एवढी किंमत कुणी दिली नव्हती. पण त्या पैशाने कुणाला आणणार? बाजार जगभर पसरलेला, आणि याला घेता येतील अशी माणसं मूठभर. म्हणून पैसा परत लेसामात मुरतो. पोराला उमलायला वेळ द्यावाच लागतो, कारण बदली आणायला दुसरीकडे कुठे जाताच येत नाही.

सान मामेस या मैदानाला लोक ‘कॅथीड्रल’ म्हणतात. जुनं 1913 चं होतं, आत्ताचं 2013 मध्ये त्याच्या शेजारीच उभं राहिलं. तिथे पिचिची या क्लबच्या जुन्या खेळाडूचा अर्धपुतळा आहे. जुन्या मैदानावरचा पहिला गोल त्याचा, आणि 1922 मध्ये ऐन तिशीच्या आत तो आजाराने गेला. पाहुणा संघ पहिल्यांदा तिथे खेळायला येतो, तेव्हा त्याचा कप्तान त्या पुतळ्याला फुलं वाहतो.

1984 मध्ये लीग आणि कोपा देल रेय, म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय चषक, दोन्ही जिंकल्यावर खेळाडू गाबार्रा नावाच्या मालवाहू तराफ्यावर उभे राहून नेर्व्हियोन नदीतून शहरात आले होते. मग तराफा थांबला. कोपाचे अंतिम सामने हरले, पुन्हा हरले, 2021 च्या एप्रिलमध्ये तर दोन आठवड्यांत दोन.

2024 चा अंतिम सामना सेव्हिलला होता, मायोर्काशी. आपल्याकडे 7 एप्रिलची पहाट, दोन दिवसांवर पाडवा. बाबा झोपतील म्हणून मी आवाज बंद ठेवला होता, तर तेच उठून शेजारी येऊन बसले. आपण एका गोलने मागे. दुसऱ्या अर्धात निकोने चेंडू पुढे दिला आणि सान्सेतने बरोबरी केली. ‘हा कुणाचा?’ पाम्प्लोनाचा, म्हटलं. पेनल्टीवर गेलं. गोलकीपर आगिरेसाबालाने एक अडवली. ‘आणि हा?’ सान सेबास्तियानचा, वैऱ्यांच्या गावचा. बाबा हसले. चार वाजून गेले होते. शेवटची घ्यायला बेरेन्गेर चालत निघाला.

‘हा कुणाचा?’

‘हाही पाम्प्लोनाकडचाच. बाबा, थांबा जरा.’

जाळं हललं. मी रडत होते. बाबा उठून चहा टाकायला गेले आणि आतून म्हणाले, ‘त्या तराफ्याचं काय ते सांगत होतीस, तो कधी निघणार?’ चार दिवसांनी निघाला, 40 वर्षांनी. तो आम्ही दोघांनी संध्याकाळी सोबत बसून बघितला, आणि बाबा काठावरच्या गर्दीतल्या म्हाताऱ्यांकडे बोट दाखवत राहिले.